थंडीत लागते आणि लगेच बंद पडते: कार्बोरेटर बदलण्याआधी चोक बघा

तुमची १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. थंडीत सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला लागते, आठ-दहा सेकंद चालते आणि बंद पडते. रेस देत राहिलं तर तग धरते, आणि पाच मिनिटांनी इंजिन तापलं की काही तक्रार नाही. प्लग झाले, बॅटरी झाली, आता मेकॅनिक कार्बोरेटरच बदलू म्हणतोय. थांबा, एवढ्यात तो खर्च करू नका.

तापल्यावर गाडी नीट चालते, यातच अर्धं उत्तर आहे. करंट कमी पडत असता तर चढावर, चार माणसं बसवल्यावर तिने झटके दिले असते. थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) आतल्या बाजूला चिकटून राहतं. म्हणून चोक हवा अडवतो आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. पण चोकचं दुसरंही एक काम असतं आणि तिकडे फार कमी लोक बघतात. नॉब ओढला की लिंकेजमधून (जोडदांड्यांतून) थ्रॉटलसुद्धा, म्हणजे रेस दिल्यावर उघडणारी झडप, किंचित उघडतो, म्हणून थंड इंजिन वाढीव आयडलिंगवर, म्हणजे रेस न देताही जरा जास्त वेगाने, चालतं. तुमच्या गाडीत ते काम सध्या तुमचा पाय करतोय.

उद्या सकाळी गाडी लावण्याआधी एअर फिल्टरचं झाकण आणि फिल्टर काढा. घरातल्या कुणाला तरी चोकचा नॉब पूर्ण ओढायला सांगा आणि तुम्ही वरून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. आतली झडप पूर्ण मिटली पाहिजे. मग बाजूच्या लिंकेजकडे बघा, थ्रॉटलचा लिव्हर जरासा हलतो का? नॉब आत ढकलल्यावर झडप सरळ उभी राहते का, तेही बघून घ्या.

माझ्या ८०० चं हेच दुखणं होतं. साताऱ्यात डिसेंबरमध्ये रोज सकाळी हीच कथा. एका मेकॅनिकने आयडलिंगचा स्क्रू पिळून दिला. सकाळची कटकट कमी झाली, पण गरम गाडी सिग्नलला उभी राहिली तरी गुरगुरायची आणि पेट्रोल खूप प्यायला लागली. शेवटी मीच झाकण उघडलं. चोक केबलचं बाहेरचं आवरण जिथे क्लिपमध्ये धरलेलं असतं, ती क्लिप सैल झाली होती. नॉब पूर्ण बाहेर यायचा, झडप मात्र अर्धीच मिटायची. क्लिप आवळली, लिंकेजवरचा चिकटा कार्बोरेटर क्लीनरने धुतला, स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. खर्च फक्त क्लीनरच्या डब्याचा. म्हणून कळकळीने सांगतो, चोक तपासल्याशिवाय कुठल्याही स्क्रूला हात लावू देऊ नका.

चोक ठीक निघाला तर पुढचा संशय हवेच्या गळतीवर. इतक्या वर्षांत व्हॅक्यूमचे रबरी पाइप कडक होतात, टोकाला चिरतात. इंजिन आयडलिंगवर असताना एकेक पाइप चिमटीत दाबून बघा, पंखा आणि पट्ट्यापासून हात-बाही जपून. दाबल्यावर इंजिनचा आवाज सुधारला तर चोर तिथेच आहे. कार्बोरेटरखालचं गॅस्केट आणि त्याचे नट हेही बघा. हे सगळं मोकळ्यावर करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

रेस देऊनही बंद पडत असती तर मी पेट्रोल पंपाच्या डायफ्रामपासून सुरुवात केली असती. तुमच्याकडे तसं दिसत नाही. प्लग काढून रंग तेवढा बघा: पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा-ओला असेल तर उलट चोक अडकून राहतोय किंवा फ्लोटची (कार्बोरेटरमधलं पेट्रोल ठरावीक पातळीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चढली आहे.

आता पेट्रोलबद्दल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाडीचे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) त्यासाठी बनलेले नाहीत. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन आलं तरी मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे थंडीतली सुरुवात आणखी अवघड. पूर्वी अर्ध्या चोकवर भागत असेल तर आता पूर्ण ओढावा लागेल आणि थोडा जास्त वेळ ठेवावा लागेल. चोक आणि गळती दोन्ही निस्तरल्यावरच, इंजिन गरम असताना, मिक्श्चरचा (आयडलिंगला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू पाव फेरा उघडून फरक बघा. इंधनाचे जुने रबरी पाइपही या निमित्ताने इथेनॉलला चालतील असे घालून घ्या. ते झिरपायला लागले तर प्रश्न बंद पडण्याचा राहत नाही, आगीचा होतो.

पुढे कुणी २००० नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी घेऊन हाच प्रश्न विचारील, तर तिथे ओढायचा चोकच नाही. थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि कूलंटचा तापमान सेन्सर, या क्रमाने बघायचं.

तुम्ही मात्र उद्या आधी झाकण उघडा. झडप कितपत मिटते आणि थ्रॉटलचा लिव्हर हलतो का, एवढं कळवलंत की पुढचं सांगता येईल.