वाचक विचारतात : कोणाची शैली कोणाला जड जाते?

प्रश्न : आम्हा चार मित्रांत जुन्या बॉक्सिंग लढतींवरून नेहमी वाद होतो. १९७१ मध्ये जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरवले आणि १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दुसऱ्या फेरीतच लोळवले. मग १९७४ मध्ये अलीने फोरमनला कसे पाडले? हा योगायोग म्हणायचा, की दोघांच्या शैली पाहून असा निकाल आधी सांगता येतो? – एक वाचक, सातारा

उत्तर : योगायोग म्हणून हा निकाल सोडून देता येणार नाही, पण आपल्या वादामागचे गणित मात्र चुकीचे आहे. ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘क’ला हरवले, म्हणून ‘अ’ हा ‘क’ला भारी, हा हिशेब तराजूला चालतो, बॉक्सिंगला चालत नाही. आपल्या भागातल्या माणसाला खरे तर हे सांगायलाही नको. कुंडलच्या मैदानात मातीच्या कडेला बसणारे जुने शौकीन, मल्लाने आजवर कितीजणांना चितपट केले एवढ्यावर कधीच थांबत नाहीत. पटात घुसायची सवय असलेल्या मल्लासमोर मानेवर हात टाकून त्याला जागीच दाबणारा जोडीदार आला, तर याचा हुकमी डाव चालणार कसा, हे ते आधी पाहतात.

आता आपले तिघे घ्या. फ्रेझर हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार गटाच्या मानाने बुटका, सहा फुटांना किंचित कमी. खाली झुकून, डोके सतत हलते ठेवून तो पुढे घुसायचा आणि जवळ पोहोचला की डावा हुक, म्हणजे कडेने वळवलेला ठोसा, मारायचा. अली सहा फूट तीन इंचांचा, लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारणारा, आणि हात खाली ठेवून केवळ मान मागे घेत ठोसा चुकवणारा. सरळ येणाऱ्या ठोशापुढे ही सवय खपून जाते, कडेने वळून येणाऱ्या हुकपुढे ती महागात पडते. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत त्याच हुकने अलीला पाठीवर पाडले आणि निकाल एकमताने फ्रेझरच्या बाजूने गेला.

फोरमनपुढे मात्र फ्रेझरचे तेच गुण त्याच्यावर उलटले. फोरमनला समोरच्याच्या मागे धावावेच लागले नाही, कारण फ्रेझर स्वतःहून त्याच्या हाताच्या टप्प्यात चालत येत होता. आणि खाली झुकून येणारे डोके म्हणजे अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, मारणाऱ्याला आयतेच सावज. फ्रेझर फार जवळ आला की फोरमन दोन्ही हातांनी त्याला मागे ढकलायचा, म्हणजे ठोशाला पुन्हा हवे तेवढे अंतर मिळायचे. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंगस्टनमध्ये दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा खाली गेला.

अलीने फोरमनला हे चालत येणारे लक्ष्य दिलेच नाही. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतल्या किन्शासात पहिल्या फेरीत त्याने अनपेक्षितपणे उजव्या हाताचे सरळ ठोसे आधी मारले, आणि पुढे दोऱ्यांना टेकून, दोन्ही हातांनी डोके झाकून, फोरमनला मन मानेल तितके मारू दिले. त्याआधीच्या विजेतेपदाच्या तिन्ही लढती फोरमनने दोन फेऱ्यांच्या आतच संपवल्या होत्या. लांबलेल्या लढतीत दम राखून मारण्याची सवय त्याला राहिली नव्हती. आठव्या फेरीत तो पडला तेव्हा ठोशाइतकाच थकवाही त्याला खाली ओढत होता. अली तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि फोरमन २५ वर्षांचा, त्यामुळे बहुतेक जाणकारांनी आपला कौल फोरमनला दिला होता, हेही नमूद केले पाहिजे. दोऱ्यांवरची ती युक्ती कोणाला आधी सुचली असती, असे मला वाटत नाही. परंतु फ्रेझरविरुद्ध फोरमनला जे आयते मिळाले ते अलीविरुद्ध मिळणार नाही, एवढे मात्र आधी सांगता आले असते.

हाच ताळा अलीशी तीनदा लढलेल्या केन नॉर्टनवर करून पाहावा. अलीचा जॅब निघतानाच आपलाही जॅब सोडायचा, अशा ढंगाने नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीला हरवले, त्याचा जबडाही मोडला आणि पुढच्या दोन्ही लढतींत त्याला घाम फोडला. तोच नॉर्टन १९७४ मध्ये फोरमनपुढे दोन फेऱ्यांतच आटोपला.

म्हणून अंदाज बांधताना मी ‘कोण सरस’ हा प्रश्न बाजूला ठेवतो आणि ‘ही लढत किती अंतरावर होणार आणि ते अंतर कोण ठरवणार’ हे आधी विचारतो. लांबून खेळणाऱ्याचे पाय शाबूत असतील तर अंतर त्याच्या ताब्यात राहते. पुढे घुसणारा नुसता पाठलाग न करता वाट अडवत समोरच्याला कोपऱ्यात नेत असेल, तर ते त्याच्या हाती जाते. प्रतिठोसा मारणाऱ्याला तर समोरचा पुढे यायलाच हवा असतो. डिसेंबर २०१२ मध्ये सहाव्या फेरीच्या अगदी शेवटच्या क्षणी मॅनी पॅकियाओ पुढे झेपावला आणि हुआन मॅन्युएल मार्केझच्या उजव्या हातावर जाऊन आदळला. त्याआधी या दोघांच्या तीन लढती झाल्या होत्या आणि त्यांतली एकही मार्केझने जिंकलेली नव्हती, त्यामुळे नुसता मागचा निकाल पाहणारे त्या रात्री फसले. मीही पुष्कळदा फसलो आहे. बहुतेक वेळा एखाद्याच्या पायांचे वय मोजायला विसरल्यामुळे.

प्रश्न : माझी मुलगी उंच आहे, लांबून छान खेळते, परंतु अंगावर येणाऱ्या मुलींविरुद्ध निकाल तिच्या विरोधात जातो. तिची शैलीच बदलावी काय? – एक पालक, कराड

उत्तर : शैली बदलू नका, तिची सुरुवात बदला. मोठ्या हौशी स्पर्धांत तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला पंच दहा गुण देतात. पहिली फेरी खडाखडीत घालवणाऱ्याची एकतृतीयांश लढत तिथेच हातची जाते. किन्शासातली अलीची युक्ती इथे केली असती, तर फोरमन दमण्याआधीच घंटा वाजली असती. आपल्या मुलीने पहिल्या अर्ध्या मिनिटातच जॅब ठसठशीत लागू द्यावा, आणि मागे सरताना सरळ रेषेत न जाता बाजूला वळावे. सरळ मागे जाणारी मुलगी चांगली खेळत असली, तरी पंचांना ती मार खात असल्यासारखी दिसते.

प्रश्न : डावखुऱ्या बॉक्सरविरुद्ध उजवे इतके अडखळतात कशामुळे? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : मुख्यतः सवयीमुळे. डावखुऱ्याला रोजच्या सरावात उजवेच भेटतात. उजव्याला डावखुरा क्वचित मिळतो. दुसरे कारण पायांत असते. डावखुरा उजवा पाय पुढे ठेवतो आणि उजवा डावा, त्यामुळे दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, आणि ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेर पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या एका सराव हॉलमध्ये मी हे जवळून पाहिले. डावखुऱ्या मुलाचा बूट समोरच्याच्या बुटावर दोनदा पडला. तिसऱ्या वेळी तो समोरचा उजवा मुलगा खाली पाहू लागला आणि त्याच क्षणी डावा सरळ ठोसा त्याच्या कपाळावर बसला. प्रशिक्षकांनी काही न बोलता खडूने जमिनीवर एक रेघ ओढली आणि उजव्या मुलाला डावा पाय रेघेबाहेर ठेवूनच पुढे जायला सांगितले. पंधरा-वीस मिनिटे तो कोणाला न मारता केवळ पाय टाकत होता. आपल्याला डावखुरा जोडीदार मिळत नसेल, तर निदान एवढा सराव एकट्यानेही करता येईल.