सल्लागाराला पैसे द्यावेत की अर्ज आपणच भरावा?

परदेशी जाण्याच्या कागदपत्रांबद्दल रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चिपळूणच्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं नर्स आहे. वय ३१, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग. नवरा लोटे एमआयडीसीत नोकरीला, मेकॅनिकल डिप्लोमा. कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) एका सल्लागाराने साडेतीन लाख सांगितले, निम्मे आधी. 'फाइल शंभर टक्के होणार' म्हणतात. आम्हाला स्वतःला हे जमेल का?

उत्तर : जमेल, आणि पत्रातल्या माहितीवरून तरी तुम्ही स्वतःच करावं असं आमचं स्पष्ट मत आहे. एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या पीआर-पद्धतीत प्रोफाइल उघडायला फी नाही. वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण ठरलेल्या कोष्टकानुसार मोजले जातात. सल्लागार कितीही मुरलेला असला तरी ते कोष्टक त्याच्या हातात नाही. निर्णय कॅनडाच्या अधिकाऱ्याचा असतो, त्यामुळे 'शंभर टक्के' म्हणणाऱ्यापुढे पैसे ठेवू नका. 'नोकरीचं पत्र मिळवून देतो, ५० गुण वाढतील' असंही कुणी सांगेल. ते गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत.

गुण खरे वाढतात ते भाषेत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात ऐकण्यात ७.५ आणि वाचन, लेखन, बोलणं यांत ६.५ मिळाले तर ती सीएलबी या कॅनडाच्या भाषा-मापनातली ८ ही पातळी. ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ झाले की सीएलबी ९. फरक दर विभागात अर्ध्या बँडचा. पण एक पदवी, तीन वर्षांहून जास्त अनुभव आणि जोडीदारासह अर्ज, अशा तुमच्या स्थितीत त्या अर्ध्या बँडने ६५ गुण वाढतात : २८ थेट भाषेचे, १२ शिक्षणाशी जोडून, २५ अनुभवाशी जोडून. साडेतीन लाखांतला थोडासा भाग लेखनाच्या चांगल्या शिकवणीवर खर्च केलात तर तो सल्लागारापेक्षा जास्त कामाला येईल. बहुतेकांचं घोडं लेखनातच अडतं. तिशीनंतर वयाचे साधारण पाच गुण दरवर्षी कमी होतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी. नवऱ्यानेही परीक्षा द्यावी. जोडीदाराच्या इंग्रजीचे २० पर्यंत गुण असतात. मुख्य अर्जदार कोण असावं हे ठरवण्यासाठी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरच्या मोफत गणकयंत्रात दोघांची माहिती आलटूनपालटून भरून पाहा.

दुसरं काम पदवीच्या मूल्यमापनाचं, म्हणजे ती कॅनडातल्या कोणत्या शिक्षणाच्या तोडीची हे ठरवून घेण्याचं. डब्ल्यूईएससारखी संस्था तुमच्या हातची गुणपत्रिका पुरेशी मानत नाही. ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) विद्यापीठाकडून थेट गेली पाहिजे. म्हणजे नाशिकला अर्ज आणि पाठपुरावा. नवऱ्याच्या डिप्लोमाच्याही गुणांसाठी त्याचं वेगळं मूल्यमापन लागतं. सल्लागार घेतलात तरी या खेपा तुम्हालाच चुकत नाहीत, हे फी ठरवताना लक्षात असू द्या. मूल्यमापन पाच वर्षं चालतं, आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं.

इथे नर्सेसचा एक मोठा गोंधळ होतो. पीआरसाठीचं मूल्यमापन वेगळं आणि तिकडे नर्स म्हणून काम करण्याची नोंदणी वेगळी. नोंदणी प्रांताच्या परिचर्या नियामक संस्थेकडे होते, त्यासाठी अनेकदा एनएनएएस या संस्थेकडून परदेशी शिक्षणाची तपासणी आणि एनसीएलईएक्स-आरएन ही नर्सिंगची परवाना-परीक्षा लागते. पीआर झाली म्हणजे वॉर्डात उभं राहता येईल, असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल तर ते खरं नाही.

तिसरं, नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वडिलांचं नाव मध्ये, माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. सगळे फॉर्म पासपोर्टवरच्या नावाने भरा, 'पूर्वीचं नाव' या रकान्यात माहेरचं नाव लिहा आणि विवाह प्रमाणपत्रासोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नाव जुळलं नाही की मूल्यमापनच अडकतं.

चौथं, अनुभवाचं पत्र. सर्वांत जास्त अर्ज इथे लंगडे पडतात. 'मेहनती व प्रामाणिक आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा' या पत्राचा काहीही उपयोग नाही. लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार व भत्ते, प्रत्यक्ष कामं आणि सही करणाऱ्याचा हुद्दा-संपर्क हवा. कॅनडाच्या व्यवसाय-यादीत नोंदणीकृत नर्सचा संकेतांक ३१३०१ आहे. त्याखालची कामं वाचा आणि त्यांपैकी तुम्ही खरोखर करता ती रुग्णालयाला आपल्या शब्दांत लिहायला सांगा. यादी जशीच्या तशी उतरवली की अधिकाऱ्याला शंका येते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कित्येकांची दप्तरं भिजून गेली. तुमच्या रुग्णालयाचं तसं झालं असेल तर पीएफचं पासबुक, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे आणि फॉर्म १६ जमवा आणि पूर नमूद करून एक पानी स्पष्टीकरण जोडा.

गुण पुरेसे ठरून कॅनडाकडून अर्जाचं निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. वैद्यकीय तपासणी २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जासोबतच लागते, आणि ती कॅनडाच्या यादीतल्या डॉक्टरकडेच चालते, फॅमिली डॉक्टरकडे नाही. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, फी ५०० रुपये. अनुभवपत्र आणि निधी दाखवणारं बँकेचं पत्र (पुढचं उत्तर पाहा) निमंत्रणाआधीच हाताशी ठेवा, नाहीतर साठ दिवस बघता बघता जातात.

सगळं भरून झाल्यावरही धाकधूक वाटली तर परवानाधारक सल्लागाराकडून अर्ज फक्त एकदा तपासून घ्या. पूर्ण फाइल सोपवण्याच्या मानाने ते बरंच स्वस्त पडतं.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. जमिनीची किंमत मोठी, पण बँकेत पैसा एप्रिल-मेमध्येच येतो. कॅनडाच्या पीआर अर्जात तिथे स्थिरावण्यापुरता निधी दाखवताना हे चालेल का? सल्लागार म्हणतो, 'आम्ही बॅलन्स दाखवून देतो.'

उत्तर : 'दाखवून देतो' म्हणजे उसने पैसे काही दिवस खात्यात ठेवणं. ते अजिबात करू नका. बँकेच्या पत्रात खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि डोक्यावरचं कर्ज असं सगळंच लागतं, त्यामुळे कालपरवा आलेली रक्कम लगेच उघडी पडते. बागेची किंमत निधीत धरत नाहीत, पीककर्जाचे पैसेही नाहीत. मुदत ठेव चालते.

आंब्याचे पैसे एकरकमी आले यात गैर काही नाही, फक्त ते कुठून आले हे दाखवावं लागतं : वाशी मार्केटच्या दलालाची पट्टी, सातबारा, आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. खातं वडिलांचं असेल तर रक्कम तुमच्या नावावर आणून परत न करण्याच्या अटीचं बक्षीसपत्र करा. वेळही सांभाळा. थंडीत फवारणीला पैसे जातात आणि सरासरी खाली येते. हंगामाचे पैसे ठेवीत टाकून काही महिने न हलवता ठेवलेत तर निमंत्रण कधीही आलं तरी अडचण नाही.

प्रश्न : सावंतवाडीच्या एका एजंटमार्फत कॅनडाच्या स्टुडंट व्हिसाचा अर्ज केला होता, तो नाकारला गेला. त्याआधी माझा यूकेचा व्हिसा नाकारला होता, पण एजंटाने त्या प्रश्नापुढे 'नाही' भरलं होतं. अर्जाची प्रत देत नाही. आता म्हणतो, पुन्हा करू, तसंच भरू. मी काय करू?

उत्तर : त्याच्याकडून पुन्हा अर्ज करू नका, आणि यावेळी एकट्यानेही करू नका. सल्लागारावर पैसे खर्च करावेत असं आम्ही ज्या मोजक्या प्रसंगी म्हणू, त्यातला हा एक. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० नुसार चुकीची माहिती दिल्याचा निष्कर्ष निघाला तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. 'एजंटाने भरलं, मला ठाऊक नव्हतं' हे उत्तर सहसा चालत नाही. अर्जाची जबाबदारी अर्जदाराचीच.

आधी नकाराचं पत्र नीट वाचा. त्यात फक्त निधी किंवा परत येण्याबद्दल शंका आहे, की कलम ४० चा उल्लेख आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. मग तुमच्या फाइलीवरच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी माहिती अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली मागवा. हे झाल्यावर परवानाधारकाकडे जा : प्रांताच्या बार संस्थेचा वकील, किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचा सदस्य. त्याचा क्रमांक 'आर' आणि सहा आकडे असा असतो. संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव, क्रमांक आणि परवाना चालू आहे का, हे स्वतः पाहा. भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नका. 'आमचे कॅनडातले पार्टनर परवानाधारक आहेत' असं कुणी म्हटलं तर करारावर त्याच पार्टनरची सही आणि आयएमएम ५४७६ या प्रतिनिधी-फॉर्मवर त्याचंच नाव मागा. पैसे घेऊन पडद्याआड राहणारा प्रतिनिधी तुमचा अर्ज धोक्यात आणतो. पुढच्या अर्जात दोन्ही नकार लिहायचे आणि आधी चूक कशी झाली ते सांगायचं.

एक गोष्ट सर्वांसाठीच : अर्जाला जोडलेला ईमेल तुमचाच हवा. एजंट स्वतःच्या ईमेलवर खातं उघडतो आणि खुलाशाचं पत्र मुदत संपेपर्यंत तुमच्यापर्यंत येतच नाही. शिवाय विद्यार्थ्यांना 'मोफत' सल्ला देणाऱ्या अनेकांना कॉलेजांकडून कमिशन मिळतं, तेव्हा यादीतलं कॉलेज तुमच्या सोयीचं आहे की त्यांच्या, हे विचारा.

फी परत मिळवायची तर पावती, करार आणि व्हॉट्सॲप संदेश घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, सिंधुदुर्गात ते ओरोसला आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला.

प्रश्न : मंडणगडचा आहे. मुलगा नववी पास, ओमानला हॉटेलात काम लागलंय म्हणतात. एजंट एक लाख वीस हजार मागतो आणि व्हिजिट व्हिसावर पाठवून तिथे बदलून देऊ म्हणतो.

उत्तर : पाठवू नका. दहावी नसेल तर पासपोर्ट ईसीआर, म्हणजे 'मंजुरी आवश्यक' प्रकारचा असतो, आणि त्यावर ओमानसह १८ देशांत कामाला जायला उत्प्रवासन मंजुरी (सरकारची आधी घेतलेली परवानगी) लागते. व्हिजिट व्हिसा म्हणजे ही मंजुरी चुकवण्याची वाट. तिथे पगार बुडाला किंवा अपघात झाला तर हातात करारही नसतो आणि विमाही नसतो.

इथे 'इमिग्रेशन कन्सल्टंट' हा माणूस कामाचाच नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची भरती-एजंट म्हणून नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवाना क्रमांक टाकून पाहा. नाव, पत्ता आणि मुदत तिन्ही जुळली पाहिजेत. कायद्याने एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेऊ शकतो, तेही बँकेतून आणि पावतीवर. मालकाची पोर्टलवर नोंदणी असेल तर तो थेटही भरती करू शकतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचं संरक्षण मिळतं, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. करारात पगार, तास, राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट लिहिलेलं असू द्या, त्याची एक प्रत घरी ठेवा. शंका असेल तर १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर आधी विचारा, आणि तोवर मुलाचा मूळ पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका.