पंखे किती, यापेक्षा हवा कुठून कुठे

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकावर व्हिडिओ संपादनाचे काम सुरू केले की थोड्याच वेळात प्रोसेसरचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, पंखा मोठ्याने घोंघावू लागतो आणि कामाचा वेग मंदावतो. कॅबिनेटला मागच्या बाजूस एकच पंखा आहे. खर्च बेताचाच करता येईल. आणखी चार पंखे बसवावेत की प्रोसेसर थंड ठेवणारा एखादा महागडा कूलर घ्यावा?

उत्तर : काहीही विकत घेण्याआधी एक बिनखर्चाची चाचणी करावी. नेहमीचे काम चालू ठेवून तापमान स्थिरावले की त्याची नोंद करावी. मग संगणक बंद करून कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढावे आणि तेच काम तितकाच वेळ पुन्हा करावे. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर आत गरम हवा कोंडते आहे आणि पंख्यांवरचा खर्च सार्थकी लागेल. फारसा फरक पडला नाही, तर दोष बहुधा कूलरकडे आहे : त्याच्या पत्र्यांमध्ये धूळ साचली असेल, थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोहोचवणारा लेप, वाळली असेल किंवा तो प्रोसेसरवर घट्ट बसलेला नसेल. अशा वेळी चार काय, सहा पंखे लावूनही पैसे वाया जातील.

हवा कोंडत असेल, तर माझ्या मते समोरच्या बाजूस हवा आत ओढणारे एक किंवा दोन पंखे पुरेसे आहेत, कारण मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतोच आणि त्याला आतापर्यंत उणीव होती ती ताज्या हवेच्या सरळ वाटेची. त्यापुढे प्रत्येक नव्या पंख्याने मिळणारा लाभ झपाट्याने घटतो, आवाज मात्र वाढतो. कॅबिनेटला १२० मिलिमीटरचा पंखा बसतो की १४० चा, हे आधी पाहावे; जागा असल्यास मोठा घ्यावा, कारण तो कमी वेगातही तेवढीच हवा खेळवतो. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. पुष्कळांचा पंखा इथेच उलटा बसतो. कॅबिनेटचा दर्शनी भाग पूर्ण बंद काचेचा असेल, तर उत्तम पंखाही हवेसाठी तडफडतो.

शक्यतो चार पिनांचा पंखा घ्यावा, म्हणजे मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) तापमानानुसार त्याचा वेग बदलू शकतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, हा वेग ठरवून देता येतो आणि तापमान किंचित हलले की पंखा वरखाली होण्याचा त्रासही तिथेच थांबवता येतो. मदरबोर्डवरच्या एकाच जोडणीवर स्प्लिटरने (एका जोडणीच्या दोन करणाऱ्या वायरने) दोन पंखे लावायचे असल्यास, त्यांचा एकूण विद्युतप्रवाह मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत, जी बहुधा १ अँपिअर असते, बसतो ना, हे तपासावे.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवली आणि समोर जाळी लावली, तर फटींमधून धूळ कमी शिरते. ती जाळी मात्र नियमित धुवावी लागते, नाहीतर पंख्याचाच श्वास कोंडतो. पंखे साफ करताना वीज पूर्ण बंद करावी आणि हवेचा झोत मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. ती सुसाट फिरली तर बेअरिंगला इजा होऊ शकते.