बुलेटची टकटक आणि चढावरची खडखड: इंजिन उतरवण्याआधी हे बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९८७ ची स्टँडर्ड ३५०, वडिलांच्या हातची गाडी. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंग केलं. तेव्हापासून गाडी तापली की उजव्या बाजूने टकटक येते, आणि खंबाटकीच्या चढाला टॉप गियरमध्ये वेगळीच खडखड होते. मिस्त्री म्हणतोय क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) गेला, इंजिन उतरवावं लागेल.

लगेच उतरवू नका. तुम्ही लिहिलेले आवाज दोन आहेत आणि दोन्ही सर्व्हिसिंगनंतरच सुरू झालेत. सर्व्हिसिंगमध्ये क्रँकला कोणी हात लावत नाही. हात लागतो तो टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्याची फट सेट करतात) आणि पॉइंटला (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच). त्यामुळे पहिला संशय तिथेच घ्यायचा.

आधी टकटक. गाडी स्लो सोडा आणि आवाजाची लय ऐका. व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनाच्या निम्म्या चालीने येतो. क्रँक किंवा पिस्टनचा आवाज प्रत्येक फेरीला येतो. बुलेटची स्लो इतकी संथ असते की हा फरक कानाला नीट कळतो. मग लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, टोक टॅपेटच्या झाकणावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. तसंच उजवीकडे टायमिंग कव्हरवर, सिलिंडरच्या तळाशी आणि डावीकडे चेनकेसवर (इंजिनाकडून क्लचला जाणाऱ्या प्रायमरी चेनचं आवरण) ऐका. सदऱ्याची बाही, मफलर असलं काही चाकाजवळ लोंबू देऊ नका.

टॅपेट सेट करायचं ते इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच. यावर मी हटून बसेन, कारण या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सिलिंडर बिडाचा, वर हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही वाढतात, पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारी सळई) मात्र तेवढा तापत नाही, म्हणून गरम इंजिनात टॅपेटची फट वाढते. थोडी टिकटिक या इंजिनाला असतेच, तिची काळजी नको. पण दुसऱ्या गाड्यांच्या सवयीने कोणी थंड इंजिनात फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट ठेवली, तर तापल्यावर ती आणखी वाढते आणि तुम्ही म्हणता तशी टकटक होते. उलट कोणी गरम इंजिनावर फट शून्य केली, तर आवाज बंद होईल, पण थंड झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसणारच नाही. मग सकाळी किक मारून दमायचं आणि वर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळून घ्यायचा. आवाज गेला म्हणजे काम झालं असं या बाबतीत मानू नका.

करायचं असं. प्लग काढा, गाडी डबल स्टँडवर घ्या, टॉप गियर टाकून मागचं चाक हाताने पुढे फिरवा. टॅपेटचं झाकण काढलेलं असू द्या. इनलेटचा पुशरॉड वर जाऊन खाली आला की पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतो. तो अगदी वर आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आता पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवा. तो सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. हलत असेल तर खालचा लॉकनट सैल करून अॅडजस्टर फिरवा आणि लॉकनट आवळल्यावर पुन्हा बोटांनी तपासा, कारण आवळताना माप सरकतं. दोन्ही पुशरॉडना हेच.

टॅपेट ठीक निघालं तर सायलेन्सरचा पाईप हेडला जिथे बसतो ती जागा बघा. तिथून हवा निसटली की हुबेहूब टॅपेटसारखी चटचट ऐकू येते, आणि जॉइंटभोवती काळी काजळी दिसते.

आता चढावरची खडखड. डब्यात खडे हलवावेत तसा पातळ, कर्कश आवाज, लोड आला की सुरू आणि अॅक्सिलरेटर जरा सोडला की बंद? मग ते पिंकिंग आहे, म्हणजे बहुतेक टायमिंग अॅडव्हान्स झालंय, ठिणगी हवी त्याआधी पडतेय. पॉइंटची फट बघा. ती ०.३५ ते ०.४० मिमी हवी. फट जास्त ठेवली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते, आणि सपाटीवर काही न कळता चढाला खडखड सुरू होते. आधी फट, मग टायमिंग, हाच क्रम. उलट केलंत तर केलेलं टायमिंग पुन्हा बिघडतं. तेवढ्याने गेलं नाही तर हेडमधला कार्बन आणि कार्ब्युरेटरचं मिश्रण बघायला लागेल. चढाला टॉपमध्ये दामटत राहण्याऐवजी एक गियर खाली घ्या, दुरुस्ती होईपर्यंत तरी.

बिग-एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथल्या बेअरिंगचा) आवाज असा नसतो. तो जड, खोल ठकठक असतो, क्रँककेसमधून पायाला जाणवतो, आणि तेल गरम होऊन पातळ झालं की वाढत जातो. पिस्टनचा आवाज उलट: थंड असताना पोकळ खडखड, गाडी तापली की कमी. हा असेल तर वर्षानुवर्षं चालवता येते. टायमिंग गियरची घूं घूं जुन्या बुलेटला बहुतेक वेळा असते, तिच्यामागे लागू नका.

खोल ठकठक खरंच असेल तर आधी डावीकडचं चेनकेस उघडा. क्रँकच्या टोकावर मॅग्नेटचा रोटर बसतो. त्याचा नट सैल झाला तर रोटर शाफ्टवर हलतो आणि आवाज अगदी बिग-एंडसारखा येतो. या एका नटापायी चांगले क्रँक विनाकारण उघडायला प्रेसखाली गेलेत. चेनकेस उघडलंच आहे तर प्रायमरी चेनही बघा. अंदाजे ६ मिमी खेळ हवा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून इंजिन फिरवत चार-पाच जागी मोजा आणि सर्वांत ताठ जागेवर सेट करा. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर कारण क्लच किंवा गियरबॉक्सकडे आहे.

ऑईलचं एक. हेडकडे जाणाऱ्या ऑईल पाईपचा बोल्ट स्लोवर जरा सैल केला की तेल पाझरायला हवं. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. रॉकरला (हेडमधले व्हॉल्व्ह दाबणारे भाग) तेल जातं ते परतीच्या पंपाचं. बिग-एंडला देणारा पंप वेगळा आहे. टायमिंग कव्हरमध्ये क्रँकच्या टोकाशी एक बुचाचा सील असतो. तो झिजला की वर तेल व्यवस्थित दिसतं आणि बिग-एंड मात्र उपाशी राहतो. कव्हर कधीही उघडलं तर तो नवीनच घाला. काढलेलं ऑईल उन्हात धरून बघा. चकचकीत कण दिसले तर गाडी चालवणं थांबवा.

एवढं करूनही मिस्त्री क्रँकवरच ठाम असेल तर त्याला सांगा, आधी फक्त हेड आणि सिलिंडर उतरव आणि मला बोलाव. पिस्टन वरच्या टोकाला आणून कनेक्टिंग रॉड तुमच्या स्वतःच्या हाताने सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलला तर चालतं. सरळ वर-खाली जराही खेळ लागला तर मिस्त्री खरं बोलतोय, क्रँकचं काम करून घ्या. नसेल तर रिंगा तपासून नवीन गॅस्केट टाकायला सांगा आणि गाडी परत बांधा.