एकाच लाल पेनाचे दोन गोल

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. तुमच्या मुलीला नीटमध्ये ७२० पैकी ४१८ आले. तिला बीएस्सी करून जीन एक्स्प्रेशनवरून रक्ताच्या कॅन्सरचा अंदाज बांधण्याच्या कामात जायचंय. तुमचं म्हणणं, वर्षभर ड्रॉप घे आणि डॉक्टरच हो, ‘आजोबांसाठी तरी’. आजोबांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, सीएलएल हा रक्ताचा कॅन्सर आहे. मार्कांच्या फोटोबरोबर त्यांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्टही आलाय, बहुधा चुकून. तिच्या फिजिक्सच्या मार्कांभोवती आणि त्यांच्या पांढऱ्या पेशींभोवती, दोन्हीकडे एकाच लाल पेनाचा गोल.

धास्ती वाटली ती त्या ‘आजोबांसाठी तरी’ची. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, रक्तविकारांचं डीएम आणखी तीन. कुठेही न अडखळता साडेअकरा वर्षं. आजोबा आज ७६ चे. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं, तर ते आपल्या ४१८ मुळे झालं असं त्या पोरीच्या मनात घर करून बसेल. ‘आजोबांसाठी तरी’ हे आजपासून घरात नको. हवं तर माझ्यावर रागवा.

तुम्ही लिहिता, ‘जीनचा रिपोर्ट काढला की किती वर्षं ते कळतं, डॉक्टर होऊन हिने तेच शिकावं.’ अहो, ती काय जन्मपत्रिका आहे? वाड्यात प्रत्येक खोलीत दिवा बसवलेला असतो; कुठला लागलाय, कुठला मंद आहे, हे आपण बघतो. तसं पेशीतला कुठला जीन किती चालू आहे, ते म्हणजे जीन एक्स्प्रेशन. सीएलएलचे काही रुग्ण वर्षानुवर्षं उपचारांशिवाय राहतात, काहींचा आजार झपाट्याने वाढतो. हे दोन वेगळे आजार असावेत असा संशय होता. २००१ मध्ये हजारो जीन एकदम मोजून पाहिले, तर दोन्ही गटांचं चित्र जवळपास सारखंच निघालं. फरक मोजक्याच जीनमध्ये, आणि त्यातला ठळक झॅप-७०. मग त्याची चाचणी आली, पण एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळेना. म्हणून आजही जास्त भरवसा ठेवतात तो आयजीएचव्ही जीनमध्ये बदल झालाय की नाही, यावर. तोही सांगतो ते गटाचं: अशा रुग्णांत आजार साधारण कसा चालतो. तुमच्या वडिलांची तारीख त्यात नसते. शिवाय रुग्ण शंभर आणि जीन वीस हजार असले, की योगायोगानेही नक्षी दिसायला लागते. ती खरी की खोटी, हे ओळखायला स्टॅटिस्टिक्स लागतं.

आणि तुम्ही अकरावीत तिला गणित विषय सोडायला लावलात, ‘जीन म्हणजे बायोलॉजी’ म्हणून! ४१८ पेक्षा मला हे जास्त महागात पडलेलं दिसतं. बारावीला गणित नसेल तर बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेताना बऱ्याच ठिकाणी अडवतात. कॉलेजात स्वतः जाऊन विचारा, आणि तिलाच बोलू द्या. नाहीच मिळालं तर बायोटेक घेऊन गणित आणि कोडिंग बाहेरून भरून काढावं लागेल. कष्ट आहेत, पण जमतं. पुढे एमएस्सीला पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर आहे, मग नेट किंवा गेट आणि पीएचडी. नोकरी लवकर लागत नाही, पगार डॉक्टरच्या निम्माही नसेल. हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

राहिला तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही मला विचारलाच नाहीत: ‘डॉक्टर औषधच देत नाहीत.’ मी डॉक्टर नाही. पण त्रास नसलेल्या, सुरुवातीच्या सीएलएलमध्ये थांबून लक्ष ठेवणं ही रूढ पद्धत आहे. लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढतं, असं आजवर दिसलेलं नाही. पुढच्या ओपीडीला रक्तविकारतज्ज्ञांना सरळ विचारा: थांबायचं का, कशावरून सुरू करायचं, आयजीएचव्ही आणि १७पीची (सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालाय का, याची) तपासणी कधी करायची. उत्तरं लिहून आणा. मुलीला यायचं असेल तर येऊ द्या, पण तिला विचारून.

सीबीसीचा फोटो मी डिलीट केलाय. मूळ कागद आजोबांच्या फाइलमध्ये ठेवा, तिच्या मार्कांबरोबर नको.