गोमुखाजवळच्या बर्फाळ पाण्यात कोणते जीव राहतात आणि ते कशावर ठरतं?

सगळ्यात आधी बघायचं ते पाणी कुठून येतं. गोमुखाशी, साधारण 4000 मीटरवर, भागीरथी थेट हिमनदीतून निघते. पाणी शून्य अंशाच्या जरासंच वर आणि दगडाच्या पिठाने गढूळ. तळाशी ऊन पोचत नाही, शेवाळ धरत नाही, म्हणजे खायलाच फारसं नाही. त्यात दुपारनंतर बर्फ वितळून लोंढा वाढतो, गोटे हलतात. 2 अंशांखालच्या अशा पाण्यात बहुतेक ठिकाणी डायमेसा या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्याच तग धरतात.

झऱ्यावर चालणारा ओढा मात्र निवळ आणि स्थिर असतो. तिथला दगड उलटून बघा (आणि होता तसा परत ठेवा!): चपट्या अंगाची मेफ्लाय या कीटकाची पिल्लं, वाळूच्या कणांची नळी अंगावर वागवणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. वेगवान धारेत राहणाऱ्या एका माशीच्या अळीला तर पोटावर ओळीने सहा चूषक (दगडाला चिकटून राहायच्या वाट्या) असतात. मला हे दरवेळी विलक्षण वाटतं.

उंचीचाही वाटा आहेच. 4000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के, त्यामुळे पाण्यात प्राणवायूही तेवढा कमी विरघळतो. असेला मासा खालच्या टप्प्यात भेटतो, कारण तो दगडावरचं शेवाळ खरवडून जगतो.