कोरडे डोळे आणि चिनी उपचार

प्रश्न : संगणकावरील कामामुळे माझे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. चिनी वैद्यकातील वनौषधी आणि बिंदुदाब यांचा उपयोग होईल का?

उत्तर : चिनी वैद्यक डोळ्यांचा संबंध यकृताशी जोडते, म्हणून तेथे शेवंतीची फुले व गोजी बेरी यांचा काढा, किंवा याच दोहोंसह एकूण 8 द्रव्यांची ‘छी-च्यू-ती-ह्वांग’ ही गोळी देतात. भुवईच्या आतील टोकाशी असलेल्या ‘त्स्वानचू’ बिंदूवर बोटाने हलका दाब घरीही देता येतो. डोळ्याच्या आतील कोपऱ्याजवळच्या ‘चिंगमिंग’ बिंदूत सुई टोचणे हे मात्र प्रशिक्षित हातांचेच काम आहे. या उपचारांचे पुरावे माझ्या मते अजून तोकडे आहेत, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब बंद करू नयेत. काढा प्यायचा असतो, डोळ्यांत घालायचा नव्हे! वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी गोजी टाळावी, कारण त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.